साखरी चुनखडकातले जीवाश्म गेले कुठे?

टीजकाठचा
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडच्या ईशान्येला राहतो. इथे टीज नदीच्या वरच्या खोऱ्यात, काऊ ग्रीन धरणाजवळच्या विडीबँक फेल नावाच्या माळावर एक गमतीशीर खडक दिसतो. पांढरा, रवाळ, आणि जिथे उघडा पडलाय तिथे बोटाने चोळला तर दाणे सुटतात. इथले लोक त्याला साखरी चुनखडकच म्हणतात. मूळचा हा साधा कार्बनी काळातला चुनखडक. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी ‘व्हिन सिल’ नावाची डोलेराईटची (काळ्या अग्निज खडकाची) चादर थरांमध्ये घुसली आणि तिच्या उष्णतेने तो भाजून निघाला, एवढं वाचून माहीत आहे.

माझा प्रश्न असा. याच भागातल्या न भाजलेल्या चुनखडकात शिंपले, प्रवाळ, सागरी लिलीचे देठ सहज दिसतात. साखरी खडकात नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग जीवाश्म सगळे गेले? आणि जे डोळ्यांना मुळातच दिसत नाहीत त्या सूक्ष्मजीवाश्मांचं काय? ते आधी जातात की उशिरा? कोणीतरी मला सांगितलं की काही सूक्ष्मजीवाश्म फक्त रंग बदलतात आणि त्यावरून तापमान कळतं. हे खरं की गप्पा?

उंडगा
रुमाल टाकून ठेवतो. चांगला धागा होणार.

सोलापुरी_चादर
१००० अंशांच्या वर तापलेला शिलारस घुसल्यावर काय उरणार हो? चुनखडकाची भट्टीत कळी (कळीचा चुना) होते ती ९०० अंशांच्या आसपास. प्रश्न मिटला.

काळादगड
@सोलापुरी_चादर, नाही मिटला. भट्टी उघडी असते, कार्बन डायऑक्साईड निघून जातो म्हणून कळी होते. जमिनीखाली किलोमीटरभर दडपणाखाली तो वायू सहज सुटत नाही. त्यामुळे शुद्ध चुनखडकाची कळी होत नाही. कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचं मूळ खनिज, कॅल्साइटच राहतं, फक्त त्याचे बारीक कण एकमेकांना गिळून मोठे होतात. त्याचंच नाव संगमरवर. खडकात वाळूचा अंश असेल तर मात्र सिलिका आणि कॅल्साइट मिळून वोलास्टोनाईट नावाचं नवं खनिज तयार होतं, तेव्हा वायू सुटतो.

दुसरं, रस हजाराच्या वर असला म्हणून शेजारचा खडक हजारावर जात नाही. थोडं गणित करून बघा. रस ११५० अंश, खडक आधीच ५० अंशांवर आहे असं धरा. सांध्यावर दोघांची सरासरी, म्हणजे ६०० च्या आसपास. गोठताना रस जी सुप्त उष्णता सोडतो ती धरली तर आणखी थोडं वर. सिलची जाडी ३० मीटर धरली तर सांध्यापासून १५ मीटरवर कमाल तापमान साधारण ३१५ अंश, ३० मीटरवर २३०, ६० मीटरवर दीडशेच्या आसपास. हे फक्त उष्णतावहनाचं गणित आहे. भेगांतून गरम पाणी फिरलं की सगळे आकडे हलतात. टीज खोऱ्यात व्हिन सिल याच्या दुपटीहून जाड आहे, तेव्हा तिथे हीच अंतरं त्या प्रमाणात वाढवून घ्या.

उंडगा
आणि हे किती वेळ चालतं? एका दिवसात थंड?

काळादगड
अर्धा मीटर, एक मीटरचा डाईक (थर छेदून उभा घुसलेला पट्टा) काही दिवसांत गोठतो. ३० मीटरच्या सिलला वर्षं लागतात. गंमत म्हणजे ३० मीटर लांबच्या खडकात सगळ्यात जास्त तापमान येतं ते घुसखोरीनंतर सुमारे ३० वर्षांनी. तोपर्यंत सिलचा स्वतःचा गाभा बराच निवलेला असतो.

फोरॅमताई
मूळ प्रश्नाकडे येते. ‘जीवाश्म’ या एका शब्दात आपण फार वेगवेगळ्या वस्तू कोंबतो. भाजल्यावर काय होणार ते जीव कोणता होता यापेक्षा त्याचं कवच कशाचं होतं यावर ठरतं.

फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचवाले एकपेशीय सागरी जीव घ्या. चुनखडकात ते भरपूर असतात आणि बहुतेकांचं कवच कॅल्साइटचं. भोवतालचा गाळही कॅल्साइटचाच. उष्णतेने कण वाढायला लागले की ते कवच कुठलं आणि गाळ कुठला हा भेद करत नाहीत, भिंत ओलांडून सरळ पलीकडे वाढतात. सुरुवातीला पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कवचाची अंधुक काळसर रेघ दिसते, कारण भिंतीतले कण मुळात फार बारीक असतात. आम्ही त्याला ‘भूत’ म्हणतो. आणखी तापलं की भूतही जातं. शिंपले, प्रवाळ, लिलीचे देठ यांचंही तेच, फक्त आकाराने मोठे म्हणून त्यांची बाह्यरेषा जरा जास्त टिकते. म्हणजे टीजकाठचे यांना जे दिसत नाही त्याचं कारण हे. काही वितळलेलं नाही, नाहीसंही झालेलं नाही. पदार्थ तिथेच आहे, आकार पुसला गेलाय.

काही फोरॅमिनिफेरा मात्र कवच स्वतः स्रवत नाहीत, वाळूचे कण चिकटवून घर बांधतात. त्यातला चिकटवणारा सेंद्रिय पदार्थ तापला की गडद होत जातो. त्याचीही रंगपट्टी केलेली आहे. परागकण आणि बीजाणूंचं तसंच: पिवळा, नारिंगी, तपकिरी, काळा. पण काळे झाले की पुढचं काही सांगू शकत नाहीत.

तुम्ही ज्याबद्दल ऐकलंत ते बहुधा कोनोडॉण्ट.

मेधाविनी
ताई, कोनोडॉण्टवर थांबलात हे बरं केलंत, मालिकेचा भाग संपल्यासारखं वाटलं. पुढचा भाग?

फोरॅमताई
अहो, जेवायला वाढायचं होतं.

कोनोडॉण्ट म्हणजे एका नामशेष सागरी प्राण्याचे दातासारखे अवयव. बहुतेक मिलिमीटरच्या आतबाहेर. १८५६ मध्ये पाण्डर यांनी पहिल्यांदा वर्णन केलं, पण प्राणी कोणता हे सव्वाशे वर्षं कळलं नव्हतं. मग एडिंबरोजवळच्या ग्रँटनच्या थरातून आलेला, संग्रहात पडून असलेला एक नमुना क्लार्कसन यांच्या नजरेस पडला आणि १९८३ मध्ये ब्रिग्ज, क्लार्कसन, ऑल्ड्रिज यांनी तो प्रसिद्ध केला. बामसारखं लांबट अंग, तोंडापाशी हे दात. कँब्रियनपासून ट्रायासिक संपेपर्यंत हे प्राणी होते.

महत्त्वाचं असं की हे दात कॅल्साइटचे नाहीत, ॲपेटाईटचे आहेत, म्हणजे फॉस्फेटचे. भोवतालचं कॅल्साइट वाढून संगमरवर झालं तरी ते या दातांना गिळू शकत नाही. आणि त्यांच्या थरांमध्ये किंचित सेंद्रिय पदार्थ अडकलेला असतो. तापला की त्यातला हायड्रोजन, ऑक्सिजन निघून जातो आणि कार्बन मागे राहतो. रंग बदलतो तो त्यामुळे.

पाटाचं_पाणी
म्हणजे साखरेचा पाक कढईत पुढे जातो तसं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळाकुट्ट. आणि गॅस बंद केला तरी रंग मागे फिरत नाही.

सोलापुरी_चादर
साखरी खडक, वर पाक. डॉक्टरांनी मला हा धागा वाचायला मनाई केली आहे.

काळादगड
@पाटाचं_पाणी, मागे फिरत नाही हे बरोबर, म्हणूनच तो कमाल तापमानाचा पुरावा ठरतो. पण काळ्यावर गोष्ट संपत नाही.

ही रंगपट्टी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणातल्या ॲनिटा हॅरिस यांच्या नजरेतून आली. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेत पश्चिमेकडचे कोनोडॉण्ट फिकट, पूर्वेकडचे काळे, असं त्यांच्या लक्षात आलं. रंग प्राण्याच्या जातीचा नसून खडक किती खोल पुरला होता त्याचा आहे असा तर्क. मग भट्टीत फिकट कोनोडॉण्ट भाजून रंग मुद्दाम आणून दाखवले. १९७७ मध्ये एपस्टाईन पतिपत्नी आणि लेनर्ड हॅरिस असं तिघांचं ते काम प्रसिद्ध झालं (ॲनिटा तेव्हा एपस्टाईन होत्या). १ ते ५ असा निर्देशांक: १ म्हणजे फिकट पिवळा, ८० अंशांच्या आत. २ तपकिरी, ६० ते १४०. ३ गडद तपकिरी, ११० ते २००. ४ जवळपास काळा, १९० ते ३००. ५ काळा, ३०० च्या वर. तेल शोधणाऱ्यांनी ते लगेच उचललं, कारण निर्देशांक दोनच्या पुढे गेला की त्या थरात तेलाची आशा फार नसते.

१९८७ मध्ये ही पट्टी ८ पर्यंत वाढवली. काळ्याच्या पुढे कार्बनच जळून जायला लागतो. ६ राखाडी, ३६० ते ५५०. ७ पांढरा, ४९० ते ७२०. ८ काचेसारखा पारदर्शक, ६०० च्या वर. पाचच्या पुढचे आकडे भेटतात ते मुख्यतः रूपांतरित खडकांत आणि अग्निज घुसखोरीच्या शेजारी.

निवृत्त_कोठीवाला
मग पारदर्शक आठ आणि फिकट पिवळा एक यात गल्लत नाही होणार? एक कधी तापलाच नाही, दुसरा सगळ्यात जास्त तापला, आणि दिसायला दोघेही गोरे!

फोरॅमताई
चांगला प्रश्न. पोतावरून कळतं. एक नंबरचा गुळगुळीत, चकचकीत, त्याच्यावरच्या बारीक रेषा शाबूत. सात-आठचा दात पुन्हा स्फटिकीभूत झालेला, भिंगाखाली साखरी खडकासारखाच रवाळ, टोकं बोथट, नक्षी गेलेली. कधी वाकलेला, कधी तडकलेला. शिवाय शेजारचा खडक संगमरवर असेल तर एक नंबर निघण्याचा प्रश्नच नाही.

ईशान्यवारा
मी टीजकाठचे यांच्या पलीकडच्याच खोऱ्यात. एक शंका: इथल्या डोंगररांगेच्या, उत्तर पेनाईन्सच्या पोटात मोठा ग्रॅनाईट आहे, वेअरडेल ग्रॅनाईट. मग भाजलं ते त्याने, सिलने नाही, असं का नको? ग्रॅनाईट कितीतरी मोठा.

काळादगड
हा वाद १९६० पर्यंत खरोखरच चालू होता. १९६०-६१ मध्ये रूकहोपला विंधनविहीर पाडली. सुमारे ३९० मीटरवर ग्रॅनाईट लागला, पण त्याचा माथा झिजलेला आणि चुनखडकाचे थर त्या झिजलेल्या माथ्यावर बसलेले. म्हणजे ग्रॅनाईट आधीचा, चुनखडक साचायच्या कितीतरी आधी थंड झालेला. आधीच थंड असलेला खडक नंतर आलेल्याला कसा भाजणार?

ईशान्यवारा
भाजणार नाही, पण ग्रॅनाईटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं. किरणोत्सारी उष्णता कोट्यवधी वर्षं निघत राहते. तो भाग आजही आजूबाजूपेक्षा उबदार आहे, म्हणून तर तिथे भू-औष्णिक विहिरींचे प्रयोग झाले. रंग फक्त सिलमुळे हा तुमचा हट्ट मला पटत नाही.

काळादगड
हट्ट नाही. दोन्ही आहे. ग्रॅनाईटमुळे सगळ्या परिसराचा पाया थोडा वर उचललेला, आणि सिलजवळ त्यावर एक तीव्र, छोट्या मुदतीचा उंचवटा. वेगळे कसे करायचे? एक नमुना घेऊन नाही. सिलपासून दूर जाणाऱ्या ओळीत नमुने घ्यायचे. रंग काही मीटरांत झपाट्याने उतरत गेला तर सिल. मैलोनमैल सारखाच गडद असेल तर खोल पुरलं जाणं किंवा खालची ऊब.

आणि इथे एक खुबी आहे. पुरलेल्या थरात एका नमुन्यातले सगळे दात साधारण एकाच रंगाचे निघतात. घुसखोरीशेजारच्या नमुन्यात एका मुठीत चार, पाच, सहा असे मिसळलेले मिळतात, कधी एकाच दाताचं टोक राखाडी आणि बूड काळं. कारण उष्णता थोडाच काळ होती, सगळे कण समतोलाला पोचले नाहीत, आणि गरम पाणी भेगांतून गेलं तिथे कार्बन आधी जळला. अशा ठिकाणी एक सरासरी आकडा काढून ‘इथे ४१० अंश होतं’ असं छापणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. तिथे माहिती त्या विस्कळीतपणात आहे. सरासरी काढली की तीच फेकून दिली.

मेधाविनी
शिवाय काळही धरायला हवा ना? तुम्ही दिलेल्या तापमानांच्या पट्ट्या दीर्घकाळ पुरलेल्या खडकांसाठी असणार. सिलजवळ फार तर दशकं.

काळादगड
अगदी. रंग हा तापमान आणि वेळ दोन्हींचा हिशेब आहे. भट्टीत ५००-६०० अंशांना तासांत-दिवसांत जे होतं ते जमिनीखाली कमी तापमानाला लाखो वर्षांत होतं. सिलशेजारी वेळ कमी, म्हणून तोच रंग यायला तापमान जास्त लागतं. पट्टीवरचा आकडा तिथे जसाच्या तसा वाचला तर खरं तापमान कमी धरलं जातं.

उंडगा
आता मुद्द्याचं बोला. आपल्याकडे एवढा बॅसॉल्ट आहे. महाराष्ट्रात असे भाजलेले कोनोडॉण्ट कुठे बघायला मिळतील?

फोरॅमताई
कुठेच नाही! महाराष्ट्रातले चुनखडक या बाबतीत फार दुर्दैवी. वणी-मुकुटबन-चंद्रपूरकडचा पैनगंगा गटाचा चुनखडक, ज्यावर सिमेंटचे कारखाने चालतात, तो कोनोडॉण्ट जन्मायच्या फार आधीचा. मधल्या काळातले आपले गोंडवनी थर गोड्या पाण्यातले, कोळशाचे. आणि ज्वालामुखी पेटला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तोवर कोनोडॉण्ट संपून १३ कोटींहून जास्त वर्षं झालेली. दात बघायचे तर स्पिती किंवा काश्मीर.

दख्खनच्या घुसखोरीने भाजलेला जीवाश्मयुक्त चुनखडक हवा असेल तर नर्मदेच्या खोऱ्यातले बाघचे थर किंवा कच्छ. कच्छात जुरासिक थरांचे घुमट आहेत आणि कित्येकांच्या पोटात अग्निज खडक. पण तिथे फोरॅमिनिफेरा, म्हणजे पुन्हा कॅल्साइट, म्हणजे भुतं.

निवृत्त_कोठीवाला
नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये जीवाश्म सापडतात ना? हिस्लॉप साहेबांनी १८५० च्या दशकात गोळा केलेले. ते कसे भाजले नाहीत? वरून तर तप्त लाव्हाच आला.

काळादगड
कारण लाव्हा उघड्यावर वाहतो. त्याची बरीचशी उष्णता वर हवेत जाते, खाली मिळते ती थोडी, आणि तळाची साय लगेच गोठते. सिल दोन्ही बाजूंनी कोंडलेली, सगळी उष्णता खडकातच. सह्याद्रीत दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो तोही निव्वळ भाजण्याचा नाही, त्यात मधल्या काळातल्या झिजेचा मोठा वाटा. उत्तम उदाहरण राजमहेंद्रीचं. तिथे दोन लाव्हांमध्ये चुनखडक सापडला आहे आणि त्यातले तरंगते फोरॅमिनिफेरा इतके शाबूत की केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यांच्या जाती ओळखून तो थर डायनोसॉर संपल्याच्या लगेच नंतरचा ठरवला. वर लाव्हा असूनही.

सोलापुरी_चादर
आमच्या घरी शहाबादी फरशी आहे. चुनखडकच. लहानपणापासून त्यावर लोळलोय. दात निघतील का?

फोरॅमताई
तुमचेच पडले असतील तेवढे. शहाबादी भीमा गटाची, कोनोडॉण्टच्या आधीची. कोटा विंध्य गटाची, तीही आधीची. मकराणा संगमरवर आणखी जुना. आणि ज्यांनी पैसे खर्चून कॅरारा गावचा इटालियन संगमरवर लावलाय, त्यांचा मूळ चुनखडक जुरासिकच्या सुरुवातीचा, म्हणजे थोडक्यात हुकलं. तोही घुसखोरीने भाजलेला नाही, पर्वत उभे राहताना रूपांतरित झालेला.

ईशान्यवारा
अवांतर: विडीबँकच्या साखरी खडकाचा खरा लाभार्थी एक फूल आहे. वसंतातलं जेन्शियन, गडद निळं. दाणेदार खडकावर मातीचा थर पातळ, पाणी टिकत नाही, दांडग्या वनस्पती जोर धरत नाहीत, म्हणून हिमयुगानंतरची ही मंडळी तग धरून आहेत. १९६७ मध्ये काऊ ग्रीन धरणाला वनस्पतीशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला तो यासाठीच. धरण झालंच, १९७१ मध्ये पुरं झालं, आणि त्या माळाचा काही भाग पाण्याखाली गेला.

मेधाविनी
मे महिन्यात गेलात तर फोटो टाका.

टीजकाठचा
सगळ्यांचे आभार, विशेषतः फोरॅमताई आणि काळादगड. म्हणजे साखरी खडक ॲसिडमध्ये विरघळवला तर शिंपल्याचं काहीच हाती लागणार नाही, पण नशीब असेल तर राखाडी-पांढरे दात मिळू शकतील, असंच ना? घरच्या व्हिनेगरने जमेल?

फोरॅमताई
तत्त्वतः हो. प्रयोगशाळेत १० टक्क्यांच्या आसपास ॲसिटिक किंवा फॉर्मिक ॲसिड वापरतात, व्हिनेगर त्याच्या निम्म्याचं. पण कित्येक किलो खडक लागतो, ॲसिड वारंवार बदलावं लागतं, गाळ चाळायचा, जड द्रवात बुडणारे कण वेगळे करायचे आणि मग ओल्या कुंचल्याने एकेक दात उचलायचा. एवढं करूनही शून्य मिळू शकतं.

आणि विडीबँकवरून उचलू नका, तो राष्ट्रीय निसर्ग राखीव भाग आहे. व्हिन सिल उत्तर इंग्लंडभर पसरलेली आहे, राखीव भागाबाहेर कुठे तिने चुनखडक गाठलाय ते भूशास्त्रीय नकाशावर बघा आणि जमीनमालकाला विचारा. नमुने घेताना सिलच्या सांध्यापासूनचं अंतर टेपने मोजून पिशवीवर लिहा, नाहीतर काळादगड धाग्यावर उभं करणार नाहीत.

काळादगड
टेप, आणि सिलची तिथली जाडी. दोन्ही.

उंडगा
व्हिनेगरचा वास घरात किती दिवस राहतो ते पण लिहा. वहिनींचं मत स्वतंत्र प्रतिसादात.